फरकाच्या विनोदाचं अर्धवट निरीक्षण

बायकोला तयार व्हायला तास लागतो, नवऱ्याला फ्रिजमधली समोरची बाटली सापडत नाही, ती ‘काही नाही’ म्हणाली की नक्कीच काहीतरी बिनसलेलं असतं. स्टँड-अप कॉमेडीत स्त्री-पुरुषांमधल्या फरकावरचा हा विनोद आजही हमखास हशा घेतो. त्यावर सहसा स्त्रीद्वेषाचा आरोप होतो. माझा आक्षेप कलेच्या अंगाने आहे: इथे निरीक्षण अर्ध्यावर सोडलेलं असतं. नवऱ्याला बाटली सापडत नाही हे खरं, पण तो फ्रिज रोज कोण लावतं? २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, पुरुष ९७. शिवाय असं काम करणारे पुरुष मुळात २६ टक्क्यांच्या आसपास. ज्या घरात ही वाटणी आहे तिथे बाटली न सापडणं हा पुरुषाचा स्वभाव नव्हे, त्याला मिळालेली सवलत आहे. विनोदकार तिला स्वभाव म्हणून मोकळा होतो आणि खरा विनोदी भाग हातचा घालवतो.

फरक निसर्गानेच घातला आहे, असं म्हणणाऱ्यांची बाजू रॉब बेकर या अमेरिकी विनोदकाराने सर्वांत जिव्हाळ्याने मांडली. ‘डिफेंडिंग द केव्हमन’ हा त्याचा एकपात्री प्रयोग १९९५मध्ये ब्रॉडवेवर आला आणि तिथे विक्रमी काळ चालला. पुरुष मूळचा शिकारी म्हणून एकाच गोष्टीवर नजर रोखतो, स्त्री कंदमुळं गोळा करणारी म्हणून चौफेर पाहते, हा त्याचा सिद्धांत. तो निदान कारण तरी शोधतो, आणि दोघांवरही माया करतो. पण कारण इतकं दूर, गुहेत नेऊन ठेवलं की आजच्या घरात कुणालाच काही विचारता येत नाही. मानसशास्त्रज्ञ जॅनेट हाइड यांनी २००५मध्ये अनेक संशोधनांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा मोजलेल्या मानसिक फरकांपैकी ७८ टक्के अगदी किरकोळ किंवा शून्याजवळचे निघाले.

याउलट स्टँड-अप विनोदकार अली वाँगचा ‘बेबी कोब्रा’ (२०१६) हा प्रयोग पाहावा. सात महिन्यांची गरोदर असताना ती मंचावर उभी राहते आणि सांगते की हार्वर्डमध्ये शिकलेला नवरा आपण बेत आखून गटवला, कारण आपल्याला नोकरी सोडून घरी बसायचं होतं. बाई पैसेवाला नवरा शोधते, हा जुनाच विनोद ती पुरता मान्य करते. मग कळतं की त्या नवऱ्याच्या डोक्यावर शिक्षणाचं कर्ज होतं आणि ते तिच्याच कमाईतून फिटलं. भूमिका उलटतात, आणि त्या मुळात कशाच्या आधारावर उभ्या होत्या ते उघडं पडतं. ताकद या उलटण्यात आहे. आपल्याकडे झाकीर खानच्या ‘हक से सिंगल’मध्ये (२०१७) पुरुषाच्या ताठरपणाखालची नकाराची भीती नेमकी पकडली आहे, मात्र समोरची मुलगी बहुतेक वेळा धूसरच राहते. पुरुषांना सरसकट बावळट ठरवणाऱ्या स्त्री विनोदकारांनाही माझा हाच आक्षेप लागू आहे.

विनोदाने समाजशास्त्राचं ओझं का वाहावं, असं कुणी म्हणेल. वाहू नये. पण माणूस तरी दाखवावा. चिं. वि. जोशींचा चिमणराव नवरेजातीचा नमुना म्हणून लक्षात राहत नाही. त्याचा भित्रेपणा खास त्याचाच आहे, म्हणून तो टिकला. अतिशयोक्ती हे विनोदाचं हत्यारच आहे हेही मान्य, पण ताणायला आधी काहीतरी पाहिलेलं असावं लागतं. प्रेक्षकांना हेच आवडतं, हा युक्तिवादही तोकडा आहे. २०२३मध्ये एडिंबरा कॉमेडी अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम नवोदिताचा मान मिळवणारी मुंबईची उरूज अश्फाक ‘ओह नो!’मध्ये स्वतःच्या थेरपीबद्दल आणि आईवडिलांच्या घटस्फोटाबद्दल बोलते, समस्त बायकांच्या वतीने नाही, आणि तरी परक्या देशातला प्रेक्षक तिच्याबरोबर हसतो. अशा आवाजांना पूर्ण तास मिळायला हवा. २०२०मध्ये नेटफ्लिक्सने ‘लेडीज अप’ आणलं, त्यात चौघींना मिळाली प्रत्येकी पंधराएक मिनिटं.