फ्रंटबफरचा मागोवा : इंटेल ड्रायव्हरमधील एका रचनेचे परीक्षण

पडद्यावरील चित्र निश्चल असले, तरी ते दाखविणारे यंत्र निश्चल नसते. १९२० गुणिले १०८० बिंदूंचा पडदा, प्रत्येक बिंदूस ४ बाइट आणि सेकंदास ६० आवर्तने असा हिशेब धरला, तर एक अक्षरही न बदलता स्मृतीतून दर सेकंदास सुमारे ४९.८ कोटी बाइट वाचले जातात. ही उधळपट्टी थांबविण्याचे तीन उपाय प्रसिद्ध आहेत. एफ.बी.सी. हा उपाय चित्राची संक्षिप्त प्रत करून तीच वाचावयास लावतो, पी.एस.आर.मध्ये पडदा आपल्याजवळील स्मृतीतून चित्राची पुनरावृत्ती करतो व मधला दुवा विसावा घेतो, डी.आर.आर.एस.मध्ये आवर्तनांची गती उतरविली जाते. तिन्ही उपायांना एकच गोष्ट कळावी लागते : चित्र बदलले केव्हा?

लिनक्स कर्नलमधील इंटेलच्या ड्रायव्हरात या प्रश्नाचे उत्तर देणारी रचना २०१४ साली डॅनिएल व्हेटर यांनी घातली. पडद्यावर दिसत असलेल्या प्रत्येक बफराच्या जागेस एक बिट नेमून दिलेला असतो, आणि तीन प्रसंगी सूचना दिली जाते : लेखन सुरू होताना ‘इनव्हॅलिडेट’, ते संपल्यावर ‘फ्लश’ आणि एका बफराच्या जागी दुसरा आणताना ‘फ्लिप’. एफ.बी.सी. व पी.एस.आर. हे मूलतः प्रत साठविणारे उपाय असल्यामुळे ते पहिल्या सूचनेस थांबतात व दुसरीस पुन्हा सुरू होतात. डी.आर.आर.एस.ला मात्र केवळ वर्दळ आहे की नाही एवढेच हवे असते. त्यास तिन्ही सूचना सारख्याच. हे वर्गीकरण या रचनेचे खरे वैभव होय. प्रत्येक उपायाने स्वतंत्रपणे पाळत ठेवली असती, तर ड्रायव्हरात जो गोंधळ माजला असता त्याची कल्पना या क्षेत्रातील अभ्यासकास सहज येईल.

परंतु रचनेचा पाया तपासला असता असे दिसते, की ती बदल पाहत नाही. बदलाची वर्दी घेते. जमिनीचा व्यवहार होऊनही फेरफाराची नोंद झाली नाही, तर दप्तरात जुनेच नाव राहते, तसाच हा प्रकार. एखाद्या कार्यक्रमाने बफराची स्मृती आपल्या पत्त्यांत जोडून घेऊन तीत थेट लिहिले व ‘डर्टी-एफ.बी.’ ही विनंती केली नाही, तर ड्रायव्हरास त्याचा सुगावा लागण्याची शाश्वती नाही. काही मार्गांनी होणारे लेखन यंत्रभाग स्वतः हेरतो हे खरे. पण हे साहाय्य सर्व मार्गांस व सर्व पिढ्यांस सारखे लाभत नाही.

येथे दोन चुका संभवतात, आणि त्यांचे वजन समान नाही. वर्दी चुकली तर पडद्यावर शिळे चित्र राहते. ते वापरणाऱ्याच्या डोळ्यांत भरते व तक्रार होते. वर्दी विनाकारण दिली गेली तर केवळ वीज जाते. ती कोणास दिसत नाही. म्हणून प्रत्येक दुरुस्तीचा कल अधिक वर्दीकडे, म्हणजे कमी बचतीकडे असणे अपरिहार्य आहे. पी.एस.आर. मूळ स्थितीत कधी चालू तर कधी बंद ठेवावा लागला, या इतिहासामागेही शिळ्या व लुकलुकत्या चित्रांची ही धास्ती होतीच.

डी.आर.आर.एस.ची गोष्ट आणखी बोलकी आहे. वर्दळ थांबली हे सांगणारी सूचनाच या रचनेत नसल्याने, शेवटच्या वर्दीनंतर १ सेकंद वाट पाहून ड्रायव्हर निष्क्रियतेचे अनुमान काढतो. आता लेखनाची जागा दाखविणारी उभी रेघ दर अर्ध्या सेकंदास उघडझाप करीत असेल, तर हा सेकंद कधीच पुरा होत नाही. लिहिणारा तासभर विचारमग्न बसला तरी पडदा पूर्ण गतीनेच धावत राहतो!

या उणिवेचे दुसरे कारण असे, की बिट बफर सांगतो, बफरातील स्थान सांगत नाही. एका रेघेचा बदल व संपूर्ण पडद्याचा बदल त्याच्या लेखी एकच. २०१९ च्या ५.० या कर्नल-आवृत्तीत आलेल्या ‘एफ.बी. डॅमेज क्लिप्स’ या गुणधर्माने बदललेले आयत कळविण्याची सोय झाली, आणि पी.एस.आर.च्या दुसऱ्या आवृत्तीत तेवढाच भाग पडद्याकडे धाडणे शक्य झाले. तथापि हा गुणधर्म सूचक आहे, बंधनकारक नाही. आयतांबाहेरचे बिंदूही ड्रायव्हर वाचू शकतो, म्हणून बफर सर्वांगी पूर्ण ठेवण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावरच राहते. वर्दी सूक्ष्म झाली. वर्दीवरील भिस्त मात्र ढळली नाही.

या विषमतेवर खरा उतारा ड्रायव्हराबाहेर, त्याच्या चाचण्यांत सापडतो. ‘के.एम.एस. फ्रंटबफर ट्रॅकिंग’ ही चाचणी निरनिराळ्या मार्गांनी बफरात लेखन करून निघणाऱ्या चित्राची सी.आर.सी. ताडून पाहते, आणि त्याबरोबरच बचतीचा उपाय त्या वेळी खरोखर चालू होता की नाही हेही विचारते. पहिल्या प्रश्नाने शिळे चित्र पकडले जाते, दुसऱ्याने अदृश्य उधळपट्टी. दुसरा प्रश्न वगळला असता, तर बचत कायमची बंद ठेवणारा ड्रायव्हरही निर्दोष ठरला असता. मात्र या चाचणीस मार्ग ठाऊक असतात तेवढेच. वर्दी न देता लिहिणारा एखादा नवा कार्यक्रम तिच्या कक्षेबाहेरच राहतो.