छायाचित्राचे व्याकरण आणि लिंगविचार

बंगळूरच्या शिवाजीनगर भागात राहणाऱ्या अनुवादकाकडे जी किरकोळ कामे अधूनमधून येतात, त्यांतीलच एका कामाने प्रस्तुत लेखाचा विषय पुरविला. जवळच्या कमर्शिअल स्ट्रीटवरील एका कापडदुकानदाराला सणाच्या जाहिरातीतील एक ओळ बेळगाव-कोल्हापूरकडील गिऱ्हाइकांसाठी मराठीत हवी होती. मूळ कन्नड ओळ ‘नानु नानागिये इरुत्तेने’ अशी होती. मी आहे तशीच, किंवा आहे तसाच, राहणार, असा तिचा आशय. आणि ‘तशीच किंवा तसाच’ हे येथेच म्हणावे लागते यातच सारी अडचण आली. कन्नडात प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंग नसते. बंगालीत तर ते तृतीयपुरुषातही नसते. मराठी बोलणाऱ्याला मात्र वर्तमानकाळात ‘राहतो’ म्हणावयाचे की ‘राहते’ हे ठरविल्यावाचून वाक्य पुरे करता येत नाही. ओळ छापावयाची होती दोन छायाचित्रांखाली, एकात तरुण आणि दुसऱ्यात तरुणी. आणि दुकानदाराला ओळ एकच हवी होती.

दोन्ही छायाचित्रे समोर ठेवून मी बसलो, तेव्हा ध्यानात आले ते असे, की ओळीने जे सांगण्याचे टाळले होते ते छायाचित्रांनी केव्हाच सांगून टाकले होते. तरुण दोन्ही पाय रोवून उभा आहे, एक हात खिशात आहे, नजर थेट पाहणाऱ्यावर आहे. तरुणीची मान एका बाजूस कललेली, एक गुडघा किंचित मुडपलेला, बोटांची टोके खुर्चीच्या पाठीला जेमतेम टेकलेली. खुर्ची धरावयाची नाही, ती तेथे आहे एवढी खात्री करून घ्यावयाची आहे, असा तो स्पर्श. नजर चौकटीबाहेर कोठेतरी. वाक्य दोघांच्या तोंडी एकच. पण एकाने ते ‘राहतो’ असे उच्चारले आहे आणि दुसरीने ‘राहते’ असे. छायाचित्राची भाषा या बाबतीत कन्नडाच्या नव्हे, मराठीच्या कुळातली म्हटली पाहिजे.

पोशाखाच्या जाहिरातीचा अर्थ वाचू पाहणाऱ्या पाश्चात्त्य अभ्यासकांपैकी रोलां बार्त याने आपल्या १९६७ च्या ग्रंथात छायाचित्र बाजूस ठेवून त्याखालील मजकूरच अभ्यासाला घेतला. वस्त्र शब्दांत उतरले की त्याचा अर्थ निश्चित होतो, ही त्याची भूमिका आपल्याकडील अभिधा-व्यंजनेच्या विचारात वाढलेल्या वाचकास पटण्यासारखी आहे. परंतु माझ्या ओळीपुरते बोलावयाचे तर येथे शब्द अनिश्चित राहिला होता आणि चित्र निश्चित बोलत होते. म्हणून मला एर्व्हिंग गॉफमन अधिक जवळचा वाटतो. जाहिरातींतील शेकडो छायाचित्रे शेजारी शेजारी मांडून त्याने १९७० नंतरच्या दशकात दाखविले, की स्त्रीचा हात वस्तू पकडत नाही, ती कुरवाळतो. पुरुष उंच, स्त्री खाली. पुरुष दक्ष, स्त्री आपल्यातच हरवलेली. स्त्रिया खरोखर अशा वागतात असे त्याचे म्हणणे नाही. स्त्रीने कसे दिसावे याविषयी समाजात रूढ असलेला विधीच जाहिरात अधिक घोटीव करून परत करते, असे त्याचे म्हणणे आहे. त्याने एक साधी परीक्षाही सुचविली आहे: चित्रातील स्त्रीच्या जागी पुरुष व पुरुषाच्या जागी स्त्री कल्पून पाहावी, आणि काय हास्यास्पद दिसते ते टिपावे.

ही परीक्षा मराठी माणसाला कल्पनेत करून पाहण्याचे कारण नाही. ती आपल्या रंगभूमीवर एक संपूर्ण पिढीभर प्रत्यक्ष झाली आहे. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १९११ मध्ये ‘मानापमाना’तील भामिनी झाले, १९१६ मध्ये ‘स्वयंवरा’तील रुक्मिणी, १९१९ मध्ये ‘एकच प्याला’तील सिंधू; आणि त्यांचे लुगडे नेसणे, केशरचना, अंबाड्यावरील फुले यांचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करू लागल्या. त्यांची स्त्रीवेषातील छायाचित्रे आजही पाहावयास मिळतात. त्यांतील पुष्कळशा छायाचित्रांत तीच कललेली मान आहे, पदराच्या काठाला तीच अर्धवट स्पर्शणारी बोटे आहेत, तीच बाजूस वळलेली दृष्टी आहे. गॉफमनच्या परीक्षेप्रमाणे येथे हसू यावयास हवे. ते कोणालाही आले नाही. याचा अर्थ, ज्या खुणांना आपण स्त्रीत्वाच्या खुणा म्हणतो त्या देहावर अवलंबून नाहीत, शिकता येण्याजोग्या आहेत. आणि त्या सर्वांत उत्तम रीतीने एका पुरुषाने शिकल्या व त्याच्याकडून स्त्रियांनी त्या परत घेतल्या.

ही घटना अलीकडे काही अभ्यासक मोठ्या कौतुकाने सांगतात, जणू लिंगभेदाची भिंतच तेथे कोसळली. मला हे कौतुक निम्मेच मान्य आहे. पुरुष स्त्रीचे रूप इतक्या निर्वेधपणे घेऊ शकला, कारण घरंदाज स्त्रीला रंगमंचावर पाऊल ठेवण्याची मुभाच नव्हती. स्त्री कशी दिसावी हे ठरविण्याचा अधिकार एका बाजूस होता आणि ते ठरलेले रूप अंगावर वागविण्याचे काम दुसऱ्या बाजूस. बालगंधर्वांच्या गायनाविषयी व अभिनयाविषयी आपल्या समीक्षेने विपुल लिहिले. त्या अभिनयाला ‘नैसर्गिक’ हे विशेषण लावताना निसर्गाचा येथे संबंध काय, हे मात्र तिने क्वचितच विचारले. स्वतः बालगंधर्व १९३५ मध्ये ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त एकनाथांच्या, म्हणजे पुरुषाच्या, भूमिकेत पडद्यावर आले, पण लोकांच्या मनात घर करून राहिले आहे ते भामिनीचेच चित्र.

पुढे स्त्री स्वतः कॅमेऱ्यासमोर आली, तेव्हा काय बदलले? लीला चिटणीस यांचे उदाहरण बोलके आहे. धारवाडात जन्मलेल्या, पदवीधर, घटस्फोटानंतर स्वतःच्या मिळकतीवर मुलांना वाढविणाऱ्या या अभिनेत्रीने १९३७ च्या ‘जंटलमन डाकू’ या चित्रपटात पुरुषी पोशाख केला होता. १९४१ मध्ये त्याच लक्स साबणाच्या जाहिरातीतील पहिल्या भारतीय अभिनेत्री ठरल्या. तोवर ती जागा हॉलिवुडच्या तारकांची होती, त्यामुळे तिचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. तरीही साबणाला डाकूही नको होता आणि पदवीधरही. हवी होती ती कांती. ज्या व्यक्तीत इतक्या परींचे अर्थ एकत्र आले होते, तिच्यातील एकच अर्थ जाहिरातीने उचलला.

येथवरच्या विवेचनात, मराठी वाचकाला जो मुख्य प्रश्न वाटेल त्याचा, म्हणजे नग्नतेचा, उल्लेख आलेला नाही. तो हेतुतः मागे ठेवला होता. चित्रांविषयी व शब्दांविषयी आपली सारी शक्ती श्लील-अश्लील या एकाच वादात खर्ची पडत आली आहे. र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्या’ची मुखपृष्ठे, मर्ढेकरांच्या ‘काही कविता’, काकोडकरांची १९६२ च्या दिवाळी अंकातील आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निर्दोष ठरलेली कथा, ही यादी येथे लांबविण्याची गरज नाही. हाच वाद १९९५ मध्ये एका बुटांच्या जाहिरातीवरून मुंबईत पुन्हा उभा राहिला. टफ बुटांसाठी प्रबुद्ध दासगुप्ता यांनी काढलेल्या छायाचित्रात मधू सप्रे व मिलिंद सोमण यांच्या अंगावर बुटांखेरीज काही नव्हते, आणि दोघांना वेढून एक अजगर होता. पोलिसांनी गुन्हा नोंदविला. अजगराच्या निमित्ताने वन्यजीवसंरक्षणाचा कायदाही पुढे आला. आणि निर्दोषत्वाचा निकाल लागण्यास २००९ साल उजाडले. चौदा वर्षे!

हे छायाचित्र फार मोठी कलाकृती आहे असे मी मानत नाही. अजगर एदेनच्या बागेतून उसना आणलेला आहे, आणि चालण्याधावण्यासाठी असलेले बूट येथे एका जागी खिळून उभे आहेत. वस्तू व प्रतीक यांत औचित्य नाही. पण लिंगविचाराच्या दृष्टीने त्यात एक गोष्ट घडली आहे, जी त्या काळी कोणाच्या नजरेस आल्याचे मला आठवत नाही. येथे स्त्री उघडी आणि पुरुष झाकलेला, हा जाहिरातीचा नेहमीचा क्रम नाही. दोघांकडे जे आहे ते सारखे आहे आणि जे नाही तेही सारखे. मूळ कथेतला सर्प एकट्या स्त्रीशी बोलतो, येथला दोघांना एकाच वेढ्यात घेतो. अशा प्रसंगी आपल्याला प्रथम आठवणारा कायदा म्हणजे स्त्रियांचे असभ्य चित्रण रोखणारा १९८६ चा. त्याच्या नावात स्त्री आहे, पुरुष नाही. त्या कायद्याची निकड मी नाकारीत नाही. परंतु अर्थ वाहून नेणारा देह तेवढा स्त्रीचा, पुरुषाचा देह म्हणजे नुसता देह, हे गृहीत त्यातही शिरलेलेच आहे. ज्या सुमारास या एका छायाचित्राचा न्याय होत होता, त्याच सुमारास नखशिखान्त वस्त्रे ल्यालेल्या, मान कललेल्या, जमिनीवर पुरुषाच्या पायाशी बसलेल्या स्त्रिया नियतकालिकांच्या पानोपानी येत होत्या, आणि त्यांविषयी कोणी चकार शब्द काढीत नव्हते.

वस्त्र किती आहे या प्रश्नाचा येथे फारसा उपयोग होत नाही, याची खातरजमा मी रोज संध्याकाळी करतो. २०१८ मध्ये बंगळूर महानगरपालिकेने जाहिरातींचे मोठे फलक उतरविले, तेव्हा ही छायाचित्रे दुकानांच्या काचांवर आणि पिशव्यांवर आली, म्हणजे आपल्या अधिकच जवळ आली. रसेल मार्केटजवळच्या एका गल्लीत बुरख्यांचे दुकान आहे. तेथील चित्रात चेहरा नाही, केस नाहीत, पायघोळ काळे वस्त्र तेवढे आहे. पण मान त्याच कोनात कललेली आहे आणि एका हाताची बोटे दुसऱ्या मनगटाला अलगद टेकलेली आहेत. अजगराच्या चित्राहून याहून अधिक दूरचे चित्र कल्पिता येणार नाही, आणि तरीही दुकानदाराच्या त्या खुर्चीजवळच्या तरुणीची ही सख्खी बहीण शोभावी. पलीकडच्या दुकानांत मुंडके नसलेल्या आकृती कपडे घालून उभ्या असतात. मराठीत त्यांना ‘धड’ म्हणावे लागेल, आणि धड हा शब्द नपुंसकलिंगी आहे. प्रत्यक्षात त्यांतील एकही नपुंसकलिंगी नाही. एकाची छाती पुढे आलेली, दुसऱ्याची कंबर एकीकडे झुकलेली. मुंडके काढून घेतले तरी प्रत्यय काही गेलेला नाही.

आता त्या ओळीविषयी. मराठीत लिंगाचा पाश सर्वत्र सारखा नाही, हे मला काम करता करता पुन्हा एकदा जाणवले. ‘मी राहतो-राहते’ आणि ‘मी राहिलो-राहिले’ यांतून सुटका नाही. भविष्यकाळात मात्र तो आणि ती दोघेही ‘राहीन’ असेच म्हणतात. हिंदीला ही सोय नाही. तेथे भविष्यकाळातही लिंग पाठ सोडत नाही. मी ‘मी मीच राहीन’ अशी ओळ लिहून दिली आणि मनाशी थोडासा खूषही झालो. दुकानदाराने ती आपल्या बेळगावच्या मेहुण्याला दूरध्वनीवरून वाचून दाखविली. थोड्या वेळाने तो म्हणाला, “सर, ओळ चांगली आहे, पण ही तर निवडणुकीतल्या उमेदवारासारखी वाटते. आमचा सेल आजपासून आहे. ‘राहीन’ कशाला?” अखेरीस दोन्ही चित्रांखाली ‘आजच निवडा’ असे छापले गेले. आज्ञार्थाला लिंग नसते. चित्रे होती तशीच राहिली.