शालू आणि सूर

इंग्रजींत 'ग्लॅम मेटल' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या संगीताविषयीं या पानांवर लिहावें कीं नाहीं, याचा आम्हीं बराच विचार केला. पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकास हें काय सुचलें, असें प्रौढ वाचक म्हणतील, आणि त्यांचा आक्षेप अगदींच गैरवाजवी आहे असें नाहीं. परंतु टीकाकारानें आपल्या तारुण्यांतील आवड लाजेनें लपवून ठेवण्यापेक्षां ती उजेडांत आणून तिची परीक्षा करावी, हें अधिक प्रामाणिकपणाचें होय.

हा संप्रदाय १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहरीं, सनसेट स्ट्रिप या रस्त्यावरील रंगगृहांत फोफावला. मोटली क्रू, पॉयझन व रॅट हीं त्यांतील ठळक मंडळें. स्वीडनचें युरोप, शेफील्डचें डेफ लेपर्ड आणि न्यू जर्सीचें बॉन जोव्ही यांचीही गणना याच गोतावळ्यांत बहुधा केली जाते. पुरुषांनीं केस वाढवून फुगवावे, डोळ्यांत काजळ व ओठांस लाली लावावी, चकचकीत तंग पोशाख करावा, आणि एवढा शृंगार करून गिटारचा असा गजर करावा कीं भिंती हादराव्या, ही यांची रीति. १९८१ मध्यें एम्‌टीव्ही वाहिनी सुरू झाल्यापासून गाणें ही ऐकण्याइतकीच पाहण्याची वस्तु झाली, आणि या सजावटीस मोल आलें.

आमचें पारनेर हा अवर्षणाचा मुलूख, आणि सेनापति बापटांचें जन्मगांव. येथें साधेपणा हा सद्‌गुण, आणि थाटमाट म्हटला कीं लोकांस संशय. अशा गांवीं १९८७ च्या सुमारास आमच्या एका स्नेह्यानें पुण्याहून युरोप मंडळाची 'द फायनल काउंटडाउन' ही कॅसेट आणली. आरंभींचा तो तुतारीसारखा नाद ऐकून ओसरीवर बसलेले आमचे आजोबा म्हणाले, "नांदी झकास आहे, पण नट कोठें आहे?" आम्हीं वेष्टनावरील चित्र त्यांच्यापुढें धरलें. त्यांनीं चष्मा लावून तें निरखलें आणि उद्‌गार काढले, "यांत नवें तें काय? आमच्या नारायणरावांचा शालू याहून भारी असे."

आजोबा बालगंधर्वांचे निस्सीम भक्त होते. त्यांच्या या एका वाक्यानें आम्हांस जी कसोटी दिली, ती पुढें पुष्कळ ग्रंथ वाचूनही मिळाली नसती. १९१३ मध्यें स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीचें वैभव आणि त्यापाठोपाठ आलेलें कर्ज, दोन्ही महाराष्ट्रास ठाऊक आहेत. तो शालू आज कोणी पाहत नाहीं. परंतु जुन्या तबकड्यांवरचा तो सूर कानीं पडतो, तेव्हां शालूवांचून कांहीं अडत नाहीं. म्हणून रसिकानें विचारावयाचा प्रश्न एवढाच, कीं वेष उतरविल्यावर पद उरतें काय?

या कसोटीस लावलें असतां या संप्रदायाचीं बहुतेक गाणीं टिकत नाहींत, हें आम्ही कष्टानें कबूल करतों. रात्र, मद्य आणि मोटारगाडी यांपलीकडे त्यांची कल्पना जात नाहीं. आणि स्त्री ही तर त्यांत बहुधा खेळणें म्हणूनच येते. तरुणपणीं शब्द नीट कळले नाहींत म्हणून आम्हीं तें सोसलें. आज कळतात, आणि खटकतात.

पण सर्वच कांहीं पोकळ नव्हतें. डेफ लेपर्डचा ताल सांभाळणारा रिक ॲलन १९८४ च्या अखेरीस मोटार-अपघातांत डावा हात गमावून बसला. त्यानें पायांनीं ती उणीव भरून काढण्याची नवी पद्धति साधली, आणि १९८७ च्या 'हिस्टेरिया' या संग्रहांत तोच ताल धरून आहे. या झगमगाटाखालीं केवढी तपश्चर्या असूं शकते, हें यावरून दिसतें. मोटली क्रूचें 'होम स्वीट होम' हें १९८५ चें गाणें पियानोच्या शांत स्वरांनीं उघडतें, हळूहळू चढतें, आणि मग गिटार मोकळी होते. आजोबांस इंग्रजीचें अक्षर येत नव्हतें. तें गाणें ऐकून ते म्हणाले, "हा घरीं निघालेला दिसतो." गांवोगांव मुक्काम करणाऱ्या नाटकमंडळींचा शीण त्यांनीं पाहिला होता, तोच त्यांनीं या परक्या गळ्यांत ओळखला. वेष नाहीं, शब्द नाहींत, तरी अर्थ पोंचला. याहून मोठें प्रशस्तिपत्र तें कोणतें?

महाराष्ट्रांतही या वाऱ्याची झुळूक आली. मुंबईंत १९८४ मध्यें 'रॉक मशीन' हें मंडळ निघालें. उदय बेनेगल यांचा गळा आणि महेश तिनईकर यांची गिटार हीं त्याचीं भूषणें. १९८८ चा 'रॉक अँड रोल रेनिगेड' हा त्यांचा संग्रह कसबाचा खरा, पण त्यांतील स्वप्न उसनें. १९९३ मध्यें त्यांनीं 'इंडस क्रीड' हें नांव घेतलें, आणि रचनांत भारतीय रंग मिसळूं लागले. उसना शालू परत करून त्यांनीं आपलें वस्त्र शोधलें, म्हणून त्यांचें नांव आदरानें घ्यावेंसें वाटतें.

१९९१ मध्यें निर्वाणा मंडळाचा 'नेव्हरमाइंड' निघाला आणि वारा फिरला. झगमगाट खोटा व फाटका सदरा खरा, असा निवाडा टीकाकारांनीं घाईनें दिला. आम्हांस तो मान्य नाहीं. फाटका सदरा हाही एक वेषच. त्यासही तीच कसोटी लावली पाहिजे. कपडे पाहून गाण्याची किंमत ठरविणारा टीकाकार आणि कपडे पाहून भाळणारा तरुण, या दोघांची चूक एकच आहे.

ती कॅसेट आतां घासून गेली आहे आणि आजोबाही राहिले नाहींत. परंतु वर्गांतील एखादा विद्यार्थी त्याचें आवडतें गाणें संकोचत आमच्या कानांशीं धरतो, तेव्हां त्याच्या पडद्यावरील चित्राकडे आम्ही मुद्दाम पाहत नाहीं. डोळे मिटतों, आणि ऐकतों.