विकर आणि विकार : एका लोहावलंबी एंझाइमाच्या निमित्ताने

मराठी विश्वकोशाने (पहिला खंड, 1976) 'एंझाइम' ही संज्ञा लिप्यंतर करून ठेवली व गरजेप्रमाणे तिचे विवरण कंसात दिले. शालेय पाठ्यपुस्तकांनी 'विकर' स्वीकारले. दोहोंची परीक्षा एखाद्या विशिष्ट द्रव्याच्या वर्णनातच व्हावयास हवी. होमोजेंटिसेट डायऑक्सिजनेज हे त्यास योग्य उदाहरण होय.

फेनिलॲलानीन व टायरोसीन या ॲमिनो अम्लांच्या अपचयात होमोजेंटिसिक अम्ल निर्माण होते. हे एंझाइम, क्रियास्थानी असलेल्या फेरस लोहाच्या साहाय्याने, ऑक्सिजनच्या रेणूतील दोन्ही अणू त्या अम्लात घालून त्याचे वलय उघडते. एंझाइम निकामी असल्यास अम्ल मूत्रावाटे बाहेर पडते व ते मूत्र हवेत काळे पडते. पुढे कूर्चा काळवंडून सांधे झिजतात. या अल्कॅप्टोन्यूरियाचे आनुवंशिक स्वरूप आर्चिबाल्ड गॅरड यांनी 1902 मध्ये मांडले. रुग्णाच्या यकृतात या एंझाइमाचा अभाव असल्याचे 1958 मध्ये दाखविले गेले.

हेच पाठ्यपुस्तकी मराठीत सांगू गेल्यास वाक्य होते : 'विकराच्या अभावी विकार जडतो.' दोन्ही शब्दांच्या मुळाशी 'वि' हा उपसर्ग व 'कृ' हा धातू. भेद एका कान्याचा. मुद्रणात तो काना निसटला वा अधिक पडला की अर्थ उलटतो, आणि विकाराचा अभाव ही रुग्णाच्या आप्तास इष्टापत्तीच वाटणार! व्युत्पत्ती निर्दोष आहे. परंतु संज्ञेचे पहिले कार्य भेद दाखविणे हे होय, आणि तेथेच ती उणी पडते. 'विकर'ला मराठी प्रत्यय सहज लागतात, हा त्याचा गुण मान्य करावा लागतो. तथापि 'एंझाइम' दुर्बोध असले तरी दिशाभूल करीत नाही.

विशेषणाचीही तीच कथा. 'लोहयुक्त' पालेभाजीसही म्हणतात. लोहावाचून क्रियाच अडते, हे 'लोहावलंबी' याच शब्दाने कळते.

वर्ध्यालगतच्या नालवाडीत 1930 नंतरच्या दशकात गोपाळराव वाळुंजकरांचे चर्मालय उभे राहिले. वनस्पतिजन्य टॅनिनाने कमावलेल्या कातड्यास लोखंड लागले की काळा डाग पडतो. (रसायनदृष्ट्या मूत्राचे काळे पडणे निराळे : तेथे टॅनिन व लोह यांचा संयोग, येथे अम्लाचे ऑक्सिडीभवन.) त्या धंद्यास परिभाषा घडवावी लागली नाही, कारण 'कमावणे' हे क्रियापद भाषेत होतेच. एंझाइमास असा घरचा शब्द नाही. 'वितंचक' या तिसऱ्या पर्यायामागे 'आतंचन', म्हणजे विरजण, उभे आहे. पण विरजणात जिवंत जंतू असतात, एंझाइम जिवंत नव्हे. असे असूनही 'वितंचक' दुसऱ्या कोणत्या शब्दाशी धडकत नाही. रोगविषयक लेखनापुरते तरी 'विकर' मागे घेऊन 'एंझाइम' वा 'वितंचक' वापरणे हे पाठ्यपुस्तकांच्या संपादकांना अवघड नाही.