मालक नसलेल्या घराचा उंबरठा

ज्या घराला एक मालक नाही, त्या घरी पाहुण्याला ‘या, बसा’ असे कोणी म्हणायचे? मॅस्टोडॉन या समाजमाध्यमाचा विचार करताना हा प्रश्न मला सारखा पडतो. जर्मनीतील ऑयगेन रोख्को या तरुणाने २०१६ साली सुरू केलेले हे माध्यम एका कंपनीच्या मुठीत नाही. निरनिराळ्या व्यक्तींनी आणि संस्थांनी चालविलेले हजारो सर्व्हर येथे एकमेकांना जोडलेले आहेत. वाडे वेगळे, कारभारी वेगळे. पण एका वाड्यातले बोलणे दुसऱ्या वाड्यात ऐकू जाते. कल्पना मोठी सुंदर आहे. म्हणूनच तिचा उंबरठा एवढा उंच का, हे तपासले पाहिजे.

नोव्हेंबर २०१९ मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर-खाते बंद झाल्यावर पुष्कळ भारतीय इकडे वळले. ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटर इलॉन मस्क यांच्या हाती गेले, तेव्हा तर लोंढाच आला. महिन्याकाठी वावरणारांची संख्या सुमारे ३ लाखांवरून २५ लाखांवर गेली. दोन्ही वेळा बरीच मंडळी आल्या वाटेने परतली.

यात दोष यंत्राचा थोडा, रीतीचा अधिक. आल्या आल्या विचारणा होई, ‘तुम्ही कोणत्या सर्व्हरवर राहणार?’ हा प्रश्न जुन्या रहिवाशालाच सुटणारा! पुढे वाडा बदलता येतो, अनुयायी सोबत नेता येतात, जुने लेखन तेवढे मागे राहते, ही दिलाशाची गोष्ट सहसा कोणी सांगत नसे. आत जावे तर ओसरी रिकामी; कारण ओळखी आपल्या आपणच शोधायच्या. आणि तोंड उघडावे तर जुनी मंडळी टोकणार: नाजूक विषयाआधी इशारा का नाही? चित्राचे वर्णन का नाही? अंध वाचकाला ते वर्णन हवेच, हे खरे. परंतु वर्णद्वेषाचे अनुभव सांगणाऱ्या कृष्णवर्णीयांनाही ‘आधी इशारा द्या’ असे बजावले गेले, तेव्हा सौजन्याचा नियमच तोंड बंद करणारा ठरला.

मे २०२३ मध्ये मॅस्टोडॉनच्या ॲपने नवागताला प्रथम मुख्य सर्व्हरचेच दार दाखवायला सुरुवात केली. सोय झाली खरी. पण सगळेच एका वाड्यात शिरले, तर अनेक वाडे बांधल्याचे सार्थक काय?

वर्षाच्या मध्यावर वर्गात नवा मुलगा येतो, तेव्हा मी त्याच्या हाती नियमांचा कागद देत नाही. एखाद्या बोलक्या मुलाशेजारी त्याला बसवितो. प्रत्येक सर्व्हरवर अशी दोनचार माणसे हवीत: नव्याच्या पहिल्या बोलाला उत्तर देणारी, चार ओळखी करून देणारी, नियम सांगण्याआधी त्याचे कारण सांगणारी. एक मालक नसलेल्या घरात यजमानपण सर्वांच्याच वाट्याला येते. ते कोणीच पत्करले नाही, तर पाहुणा पुन्हा मालकाच्या घरी जाईल. तेथे त्याला पाट मिळेल. घर मात्र त्याचे कधीच होणार नाही.