नदीस 'तू' म्हणावे की 'तुम्ही'? : एका इंग्रजी विनोदी कादंबरीचे मराठी वाचक

बेन आरोनोविच या ब्रिटिश लेखकाची 'रिव्हर्स ऑफ लंडन' ही कादंबरी २०११ साली प्रसिद्ध झाली. उमेदवारीची मुदत संपत आलेला पीटर ग्रँट नावाचा पोलीस शिपाई, खुनाच्या जागी पहारा करीत असता त्याला भेटलेले एक भूत, पोलीस खात्यातच अधिकारपदावर असलेला एक मांत्रिक आणि मनुष्यरूपाने वावरणाऱ्या लंडनच्या नद्या, असा तिचा पात्रसंभार आहे. अद्भुत आणि विनोद यांचा हा संकर ब्रिटनमध्ये लोकप्रिय झाला आणि तिच्यापाठोपाठ तिच्या पुढील भागांची मालिकाच निघाली. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय ती कादंबरी नव्हे. ती वाचून आमच्याकडील वाचकाच्या मनात जे उमटते, ते प्रमाण मानावयाचे की अपसमज समजून बाजूस सारावयाचे, हा येथील प्रश्न आहे.

हा प्रश्न मला एका चुकीमुळे पडला, आणि ती चूक माझीच होती. पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीने ह्या कादंबरीतील एका प्रसंगावर टिपण लिहिले होते. प्रसंग असा: शिपाई थेम्स नदीच्या घरी चौकशीस जातो. नदी एका प्रौढ, भारदस्त स्त्रीच्या रूपात आपल्या मुलींसह दरबार भरवून बसलेली आहे. चहा-बिस्किटे पुढे येतात. ती खाल्ल्याने आपण कायमचे बांधले तर जाणार नाही ना, अशी शंका शिपायाच्या मनात येते. इंग्रज वाचकाला येथे हसू येते. विद्यार्थिनीने मात्र लिहिले की, खाल्ल्या मिठाला जागावे लागते एवढे शिपायाला ठाऊक आहे, ह्यात हसण्यासारखे काहीच नाही. खरे हसू त्यापूर्वी, तो भुताचा जबाब घेऊ पाहतो तेथे येते. टिपणाच्या समासात मी 'विनोद निसटला' असा शेरा मारला आणि गुण कापले. पुढे तो उतारा पुन्हा वाचताना ध्यानात आले की, निसटले असेल तर ते माझ्या हातून.

हास्याची मीमांसा करताना भरतमुनींनी विकृत वेष, विकृत आचार यांतून हास्यरसाची उत्पत्ती सांगितली आहे. येथे 'विकृत' याचा अर्थ नेहमीच्या प्रकृतीहून वेगळे पडलेले असा घ्यावयास हरकत नाही. आता हे 'वेगळे पडणे' कशाच्या अपेक्षेने? भाषाविज्ञानात अचिन्हित आणि चिन्हित अशी एक जोडी मानतात. जे रूप गृहीतच धरलेले असते, ज्याची कोणी वेगळी दखल घेत नाही, ते अचिन्हित. ज्याकडे लक्ष वेधले जाते ते चिन्हित. हास्य नेहमी चिन्हितापाशी उपजते. म्हणून दोन भाषिक समाजांत अचिन्हित काय हे भिन्न असेल, तर एकच पान वाचून ते दोन निरनिराळ्या ठिकाणी हसतील. ह्यात एकाची समज उणी आहे असे मानण्याचे कारण नाही.

ही गोष्ट नदीच्या बाबतीत तपासून पाहू. इंग्रजीत नामाला व्याकरणिक लिंग नाही. नदीविषयी बोलताना तिला स्त्री किंवा पुरुष मानणे हा वक्त्याने मुद्दाम केलेला अलंकार ठरतो. थेम्सला 'पिता' म्हणण्याची तेथे जुनी प्रथा आहे. आरोनोविच यांनी तो पिता टेडिंग्टनच्या जलद्वारापलीकडे वरच्या अंगास ठेवला आणि भरती-ओहोटीच्या खालच्या थेम्सवर एका स्त्रीचे राज्य बसविले. दोघांतील हद्दीचा तंटा मिटविण्याचे काम शिपायाकडे येते. इंग्रज वाचकाला यातील प्रत्येक पायरी नवलाची वाटते. मराठीत मात्र नदी ही 'ती' असते; तिच्याविषयी साधे वाक्य बोलावयाचे तरी 'आली', 'गेली', 'फुगली', 'ओसरली' ही स्त्रीलिंगी क्रियापदे योजावीच लागतात. 'नदी दारात आली' हे वाक्य पुराच्या बातमीत शोभते आणि ह्या कादंबरीच्या अनुवादातही शोभेल. वाईला कृष्णाबाईचा उत्सव होतो, पूर आलेल्या नदीची खणानारळाने ओटी भरतात, आणि धरण भरले की शासनाचे मंत्री जलपूजनास जातात. सरकारी अधिकार आणि नदीचे देवत्व एकाच मांडवात उभे राहिलेले मराठी वाचकाने दरसाल पाहिलेले असते. तेव्हा अधिकारी नदीच्या भेटीस गेला, ही घटना त्याच्या दृष्टीने पूर्णपणे अचिन्हित आहे.

अनुवादाचा विचार केला की हा भेद अधिक स्पष्ट होतो. मूळात त्या स्त्रीला 'मामा थेम्स' म्हटले आहे. हे नाव देवनागरीत जसेच्या तसे उतरविले तर नदी तत्क्षणी आईचा भाऊ होते. आणि मुंबईच्या बोलीत 'मामा' हा पोलिसालाही लावतात, त्यामुळे चौकशी करणारा कोण आणि जिची चौकशी चालली आहे ती कोण, याचाही घोटाळा होतो. 'थेम्समाई' म्हटल्यास हा घोटाळा टळतो, पण मग संबोधनाची अडचण उभी राहते. इंग्रजीतील एकच मध्यमपुरुषी सर्वनाम सर्वांना पुरते. मराठीत आईला आणि देवाला 'तू' म्हणतात; अनोळखी प्रौढ स्त्रीला, विशेषतः सरकारी कामावर असताना, 'तुम्ही' म्हणावे लागते. शिपायाने थेम्समाईला काय म्हणावे? 'तू' म्हटले तर तो भक्त होतो आणि प्रसंग गंभीर होतो. 'तुम्ही' म्हटले तर तो शिपाईच राहतो, आणि नदीसमोर उभे राहूनही तिला 'तुम्ही' म्हणणारा हा मनुष्य आपणांस हसवितो. मूळ संहितेत हा निर्णय कोठेच घेतलेला नाही. इंग्रजी भाषेला तो घ्यावा लागत नाही. प्रत्येक मराठी वाचक मात्र वाचता वाचता, नकळत, तो घेत असतो. माझ्या विद्यार्थिनीने मनात 'तू' वाचले होते. मी इंग्रजी समीक्षेच्या सवयीने 'तुम्ही' वाचले होते. आमच्या दोघांतील मतभेद एवढाच होता.

मग मराठी वाचक हसतो कोठे? तो हसतो दप्तरी भाषेपाशी. भुताला नाव-पत्ता विचारणे, त्याचा जबाब नोंदवू पाहणे, चेटकाच्या प्रकरणात खात्याची रीत सांभाळणे, येथे 'सदर इसम', 'मजकूर', 'पंचनामा' ही आमची फारसी वळणाची पोलिसी भाषा वाचकाच्या कानात आपोआप वाजू लागते. ह्या विनोदाची जातकुळी आपणांस परकी नाही. एकनाथांनी (१५३३–१५९९) अर्जदस्त, जाबचिठ्ठी, ताकीदपत्र, अभयपत्र असे दप्तरी कागदांचे घाट घेऊन भारुडे रचिली. शरीर हा परगणा, जीव हा त्यावरील अंमलदार, आणि तो वरिष्ठ सरकारात, म्हणजे परमेश्वराकडे, अर्ज गुदरतो, अशी त्यांची मांडणी आहे. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर अधिकारी होते आणि शिष्य तेथे हिशेबाचे काम पाही, असे परंपरा सांगते. त्यामुळे ही भाषा त्यांच्या रोजच्या ऐकण्यातील असली पाहिजे. परमार्थ जेथे अचिन्हित होता त्या श्रोतृसमाजाला त्यांनी कारकुनी भाषेने हसविले आणि जागे केले. लंडनचा शिपाई मराठी वाचकाला हसवितो तो ह्याच मार्गाने. इंग्रज वाचकाला कचेरी परिचित आणि देवता अपरिचित. आमच्या वाचकाला देवता घरची आणि कचेरी तऱ्हेवाईक.

ह्या उलटापालटीने आणखी एका प्रतिक्रियेचा उलगडा होतो. कादंबरीत दोन सूत्रे आहेत: नद्यांचा तंटा, आणि 'मिस्टर पंच' ह्या जुन्या बाहुल्याच्या पिशाच्चाने घडविलेले खून. ही सूत्रे एकमेकांत नीट विणली गेलेली नाहीत, असा एक आक्षेप घेता येतो. मराठी वाचक त्यापुढे जाऊन खुनांचे सूत्र निर्जीव ठरवितो. कारण उघड आहे. सॅम्युअल पीप्स ह्या रोजनिशीकाराने १६६२ साली कॉव्हेंट गार्डनमध्ये पंचचा खेळ पाहिल्याची नोंद केली आहे. तेव्हापासून बायकोला आणि शिपायाला काठीने बडविणारा हा बाहुला इंग्रज बालपणाचा भाग होऊन बसला आहे. तो बाहुला खरोखरच खून करू लागला, तर इंग्रज वाचकाच्या अंगावर काटा येतो. आमच्याकडे पिंगुळीचे ठाकर कळसूत्री बाहुल्यांवर रामायण सांगतात. त्या स्मृतीत पंच बसत नाही. म्हणजे येथे खरोखर काही निसटते, आणि ते मराठी वाचकाने मान्य केले पाहिजे.

तिसरी प्रतिक्रिया हसण्याची नाहीच. करंजाडे येथील माझे एक शेजारी, निवृत्त अभियंता, ही कादंबरी वाचून संतापले. फ्लीट, टायबर्न ह्या नद्यांवर छप्पर घालून त्यांची गटारे केली, १८५८ च्या महादुर्गंधीनंतर पिता थेम्स शहर सोडून गेला, हे वाचून ते म्हणाले की, ही अद्भुतकथा नव्हे, हा तर आमच्या खात्याचा अहवाल आहे. त्यांच्या बोलण्यात २६ जुलै २००५ चा दिवस होता. त्या दिवशी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि ज्या प्रवाहाला मुंबईकर नाला समजत आले होते ती मिठी नदी असल्याचे सर्वांस कळून आले. करंजाड्याहून पनवेलला जाताना आम्ही गाढी नदी ओलांडतो. पलीकडे विमानतळासाठी उलवे नदीचा प्रवाह वळविला गेला आणि २०२५ साली तेथून विमाने उडू लागली. अशा ठिकाणी राहणाऱ्या वाचकाला 'वळविलेली नदी कोठे राहावयास गेली असेल?' हा प्रश्न निव्वळ कल्पनाविलास वाटत नाही.

येथे कोणी विचारील की, मग वाचकाला वाटेल ते सर्वच खरे काय? तसे नाही. थेम्समाई ही केवळ पूज्य जलदेवता आहे असे कोणी म्हणेल तर तो वाचक चुकला. परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी नायजेरियातून लंडनला आलेली एक तरुणी निराशेच्या भरात नदीत उडी घेते आणि नदीच होते, असे कादंबरी सांगते. साम्राज्याच्या राजधानीची नदी एका काळ्या स्थलांतरित स्त्रीच्या स्वाधीन होते, ह्यातील तिरकस अर्थ कृष्णामाईच्या आठवणीने झाकून टाकता येणार नाही. प्रतिक्रियेची कसोटी एकच: ती पानावरील शब्दांचा अधिक हिशेब देते की कमी? विद्यार्थिनीच्या वाचनाने शिपायाच्या सावधपणातील अदब उलगडते. अभियंत्याच्या वाचनाने पित्याच्या रुसव्याचे कारण उलगडते. केवळ भक्तीच्या वाचनाने नायजेरिया अनुत्तरित राहतो.

न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदे येथील संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःचे भान सोडीत नाही, आणि ह्या दुहेरी स्थितीतच आनंद आहे, असा तिचा आशय आहे. आमच्या वर्गांतून परभाषेतील वाङ्मय शिकविताना आपण यातील समाधीवर भर देतो आणि विकल्प विसरतो. विद्यार्थ्याने पूर्णपणे इंग्रज होऊनच वाचावे अशी अपेक्षा धरतो. परिणामी तो स्वतःची प्रतिक्रिया दडवून मार्गदर्शक पुस्तकातील प्रतिक्रिया लिहावयास शिकतो, आणि असे टिपण कितीही शुद्ध असले तरी ते वाचनाचा पुरावा होऊ शकत नाही.

म्हणून परभाषीय कृतीवरील टिपणे तपासताना, विद्यार्थी कोठे हसला नाही ह्याची नोंद घेऊन थांबू नये. तो कोठे हसला, आणि तेथेच का, हेही विचारावे. त्या विद्यार्थिनीचे कापलेले गुण मी परत दिले आणि समासातील शेरा खोडला. त्याच्या जागी एवढाच प्रश्न लिहिला: 'अनुवाद केलात तर शिपाई नदीला काय म्हणेल?' दुसऱ्या दिवशी तिचे उत्तर आले: दारात 'तुम्ही', आणि चहा घेतल्यावर 'तू'.