मोडलेला उपवास

आमच्या सांबऱ्यात दशलक्षणात बारा-तेरा वर्षांची पोरंही उपवास धरतात. दुपारी चेहरा सुकला की आईचा जीव कासावीस होतो, पण पोरगं ऐकत नाही. म्हणूनच की काय, एली वीझेल यांचं ‘नाइट’ वाचताना मी एका उपवासापाशी अडले.

वीझेल 1928 साली रुमानियातल्या सिगेत गावी, ज्यू घरात जन्मले. पोर मोठं भाविक, धर्मग्रंथांत बुडालेलं. 1944 च्या मे महिन्यात, पंधराव्या वर्षी, नाझींनी त्याला कुटुंबासकट आउश्वित्झच्या छावणीत नेलं. तिथं योम किप्पुर येतो, प्रायश्चित्ताच्या उपवासाचा दिवस. वडील उपवास नको म्हणतात, आणि मुलाचीही इच्छा उरलेली नसते. गप्प बसलेल्या देवावर रागावून तो मुद्दाम खातो. पण खाऊनही आतली पोकळी भरत नाही. ती पोकळी मला बंडापेक्षा जास्त खरी वाटली.

लेखक स्वतःला सवलत देत नाही, हे या लहानशा पुस्तकाचं मोठेपण. जानेवारी 1945 मध्ये बुखेनवाल्डला वडील जातात, तेव्हा मुलाला रडूसुद्धा येत नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं, हे तो लपवत नाही. देवावरची श्रद्धा नि माणसावरची माया एकाच मुळावर वाढतात, आणि सुकतातही बरोबरच, हे मला इथं कळलं.

एक उणीव मात्र बाई म्हणून जाणवली. आई आणि धाकटी बहीण छावणीत शिरतानाच वेगळ्या होतात, आणि पुढची गोष्ट बापलेकांची होते. त्यानं पाहिलं तेवढंच लिहिलं, हे खरं. तरी माझं मन त्या बायकांच्या रांगेतच उभं राहिलं.

पोरांसोबत आया राहिल्या असत्या तर? मला आपल्या कोल्हापूरजवळचं वळिवडे आठवलं. 1943 ते 1948 तिथं सुमारे 5,000 पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत राजवटीनं त्यांना सायबेरिया, कझाकस्तानात हाकललं होतं. भूक, थंडी, घरच्यांची मरणं, सगळं त्या पोरांनी पाहिलेलं. दोन्ही छळ एका तराजूत घालू नयेत. पण वळिवड्यात चर्च होतं, शाळा होती, सणवार होते. देवाचं नाव घ्यायला शेजारी कुणीतरी होतं. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे.

बस्तीत मी हे पुस्तक सांगितलं, तर एक काकू म्हणाल्या, “ज्याचं त्याचं कर्म, गं.” माझीही मान हलणार होती. मग वाटलं, कर्माचा विचार आपण स्वतःला तपासण्यासाठी शिकलो. दुसऱ्याच्या पोराच्या दुःखावर निकाल द्यायला नाही. तसा निकाल दिला, तर गप्प बसलेल्या जगात आपणही सामील झालो.

वीझेल पुढे ज्यू म्हणूनच जगले. 1986 मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. देवाशी भांडण मिटलं नाही, पण बोलणंही तुटलं नाही.

मैत्रिणींनो, घरातलं एखादं पोर सोसून आलं आणि “मला उपवास नको, देव नको” म्हणालं, तर रागावू नका. त्याला आधी जेवायला वाढा. आणि ते काय सांगतंय ते ऐकत शेजारी बसा.